टोचणी, अफवा आणि मुल्कोवालची कुपी

इ.स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात एक विलक्षण ताप दिसू लागला. मांडवी म्हणजे त्या काळी धान्याच्या वखारींचे आगर. कच्छी आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्या, त्यांत अनेक जैन कुटुंबांच्याही, येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. खाली गोण्यांची थप्पी आणि वर माडीवर बिऱ्हाडे, अशी वस्तीची रचना. वखारींत उंदीर मरून पडत होते आणि त्यापाठोपाठ माणसे. काखेत वा जांघेत गाठ, प्रखर ताप, भ्रम आणि दोन-चार दिवसांत मृत्यू. या भागात व्यवसाय करणारे गोमंतकीय डॉक्टर अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान केले आणि महापालिकेत ते उघडपणे सांगितले. प्रारंभी अधिकारी मंडळी त्या नावाचा उच्चार टाळीत होती. बंदराचा व्यापार बुडेल, परदेशी बंदरे मुंबईच्या गलबतांना दार लावतील, ही धास्ती त्यामागे होती. साथीविषयीचे पहिले असत्य बाजारात जन्मले नाही, ते कचेरीत जन्मले, ही गोष्ट या इतिहासात आरंभीच नोंदवून ठेवावी लागते.

नाव घेण्याचे टाळणाऱ्या त्याच यंत्रणेने पुढच्या पंधरवड्यात एकदम दुसरे टोक गाठले. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी महापालिका आयुक्तांनी जाहीरनामा काढून संशयित रोग्यास सक्तीने रुग्णालयात नेण्याचे अधिकार घेतले. घरातून उचलून नेलेला मनुष्य बहुधा परत येत नसे. रोगच असा होता की दहांतले सहा-सात दगावत. परंतु घरी राहिलेल्या बायकामुलांना दिसे ते एवढेच की, माणूस जिवंत नेला आणि प्रेत झाला. मधल्या काळात आत काय घडले हे सांगणारे कोणी नव्हते, आणि ती रिकामी जागा अफवेने भरून काढली.

त्या अफवांचे स्वरूप आज वाचताना हसू येते, परंतु त्या काळच्या चाळीतील अंधार डोळ्यांपुढे आणला म्हणजे हसू मावळते. रुग्णालयात माणसाला उलटे टांगून त्याच्या डोक्यातून ‘मोमियाई’ नावाचे तेल काढतात, अशी एक वदंता होती. मोमियाईची ही कल्पना प्लेगच्याही आधीपासून लोकांत चालत आलेली होती, साथीने तिला फक्त नवा पत्ता दिला. त्याच ऑक्टोबरात मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले होते. त्या अपमानाचा सूड म्हणून राणीला माणसांची काळजे हवी आहेत आणि डॉक्टर ती कापून विलायतेस पाठवितात, अशी दुसरी अफवा उठली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेला. यानंतर सरकारला सक्ती काहीशी सैल करावी लागली. परंतु वर्ष उलटण्याच्या आत आठ लाखांहून अधिक वस्तीच्या मुंबईतून जवळजवळ निम्मी माणसे गावोगाव निघून गेली होती, आणि त्यांच्या गाठोड्यांबरोबर या कथाही कोकणात, देशावर, काठेवाडात पोहोचल्या.

अशा वातावरणात एका परक्या मनुष्याने प्लेगवर टोचणी काढली.

वाल्डेमार मोर्देकाय हाफकिन हे १८६० साली ओडेसा येथे जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ. शिक्षणाने ते वैद्य नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवरील लस तयार केली, १८९२ साली ती प्रथम स्वतःस टोचून घेतली आणि १८९३ पासून हिंदुस्थानात येऊन गावोगाव ती टोचीत हिंडले. मुंबईत प्लेग फुटल्यावर सरकारने त्यांना पाचारण केले. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली व एक पडवी, आणि मदतीस एक कारकून व तीन शिपाई. तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पुढे ठरलेल्या मात्रेहून कितीतरी मोठी मात्रा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यांना ताप आला, दंड सुजला, आणि काही दिवसांत ते बरे झाले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे दीडशे कैद्यांनी टोचून घेतले, त्यांहून थोड्या अधिकांनी घेतले नाही. न घेतलेल्यांपैकी १२ जणांस प्लेग झाला व ६ मृत्यू पावले. घेतलेल्यांपैकी दोघांस झाला, मृत्यू एकही नाही. आकडे लहान होते, पण आशेस जागा होती. त्यानंतर बडोद्याजवळील उंधेरा या गावी फेब्रुवारी १८९८ मध्ये झालेला प्रयोग अधिक बोलका आहे. प्लेगने ग्रासलेल्या २८ कुटुंबांत प्रत्येक घरातील सुमारे अर्ध्या माणसांस टोचले, अर्ध्यांस तसेच ठेवले. टोचलेल्या ७१ जणांत ८ आजारी पडले व ३ मेले. न टोचलेल्या ६४ जणांत २७ आजारी पडले व त्यांतले २६ मेले. एकाच चुलीवर जेवणारी, एकाच छपराखाली निजणारी माणसे ही. ज्या घरात दोघे वाचले आणि दोघे गेले, तेथे त्या आकड्यांना काय किंमत मोजावी लागली असेल, याचा विचार अहवालात अर्थातच आढळत नाही.

टोचणीने रक्षण होते, पण ते पूर्ण नव्हे, ही गोष्ट तेव्हाही जाणकारांना मान्य होती. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगानेही तोच निर्वाळा दिला. टोचल्याने रोग होण्याचे व मरण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटते, परंतु अभय मिळत नाही. हे बारीक सत्य दवंडी पिटून सांगण्यास अवघड असते. ‘टोचून घ्या, वाचाल’ असे सांगितले आणि टोचलेला एक जरी मेला, की सांगणारा खोटा ठरतो. त्यातून आणखी एक घोटाळा असा की, ज्याच्या अंगात रोगाचे बीज आधीच शिरले आहे पण ताप अजून प्रकटला नाही, अशा मनुष्यास टोचले तर तो चार दिवसांनी प्लेगनेच मरणार. शेजाऱ्यांच्या हिशेबी मात्र तो टोचणीने मेला. टोचल्यावर दोन दिवस ताप आणि दंडास ठणका हा तर नेहमीचाच अनुभव होता. रोजंदारीवरच्या मनुष्याला दोन दिवसांची मजुरी बुडणे हे काही अफवेतले दुःख नव्हते.

पंजाबात पसरलेल्या अफवांची नोंद तेथील सरकारी अहवालात सापडते. टोचण्याची सुई एक वार लांब असते. टोचताच मनुष्य मरतो. टोचताच मेला नाही तर सहा महिन्यांनी कोसळतो. पुरुषाचे पौरुष जाते, स्त्री वांझ होते. खुद्द डेप्युटी कमिशनरसाहेबांनी टोचून घेतले आणि अर्ध्या तासात तडफडून प्राण सोडला. यांतली प्रत्येक गोष्ट निखालस खोटी. पण त्या गोष्टींची वीण पाहावी. ताबडतोब मरण खोटे ठरले तर सहा महिन्यांचे तयार आहे, आणि सहा महिने निभावले तर वंश बुडण्याचे भय उरतेच. पडताळा घेता येऊ नये अशीच ही रचना असते. नंतरच्या काळात देवीच्या, पोलिओच्या आणि २०२१ साली करोनाच्या लसीविषयी जे बोलले गेले, त्यात वांझपणाची भीती याच शब्दांत पुन्हा आली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मात्र लोकांच्या सगळ्याच हरकतींना अफवा म्हणणे अन्यायाचे होईल. लशीत मांस आहे काय, हा प्रश्न त्या काळी शाकाहारी समाजांत, आणि जैन समाजात तर विशेष कळकळीने, विचारला जाणे स्वाभाविक होते. त्याचे खरे उत्तर ‘होय’ असे होते. प्लेगचे जंतू वाढविण्यासाठी हाफकिन जो रस वापरीत, तो बकऱ्याच्या मांसापासून तयार होई, आणि त्याच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडीत. त्या तरंगत्या तुपाला धरून जंतूंचे धागे लोंबत्या झुंबरासारखे खाली उतरत, यावरूनच ते प्लेगचे जंतू असल्याची ओळख पटे. गोमांस वा डुकराचे मांस त्यात नव्हते. हिंदू व मुसलमान दोघांच्याही भावना सांभाळण्यासाठीच बकऱ्याची निवड केलेली होती. तेव्हा ‘गाईची व डुकराची चरबी टोचतात’ ही अफवा खोटी होती, पण ज्याला बकऱ्याचे मांसही वर्ज्य, त्याची शंका खरी होती. हा भेद अधिकाऱ्यांनी सहसा केला नाही. दोघांनाही त्यांनी ‘अडाणी समजूत’ या एकाच खात्यावर मांडले.

उंदीर मारण्याच्या मोहिमेबाबतही असेच झाले. जैन आणि वैष्णव वस्त्यांतून या मोहिमेस जो विरोध झाला, तो जीवदयेच्या श्रद्धेतून आला होता, अज्ञानातून नव्हे. उंदरावरील पिसवांमधून प्लेग पसरतो हे मत फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली मांडले, पण पहिली काही वर्षे खुद्द डॉक्टरही ते मानावयास तयार नव्हते, आणि परळच्या प्रयोगशाळेत त्याचा पुरता पुरावा मिळावयास १९०५ नंतरचा काळ उजाडला. श्रद्धा, शंका आणि अफवा ही तीन निराळी प्रकरणे आहेत. श्रद्धेशी बोलणी करावी लागतात, शंकेस उत्तर द्यावे लागते. अफवेला दोन्ही लागू पडत नाहीत, कारण तिचा धनी कोणी नसतो.

बोलणी जेथे झाली तेथे काय घडले, याचेही उदाहरण मुंबईतच आहे. खोजा समाजाचे प्रमुख तिसरे आगाखान त्या वेळी अवघ्या विशीचे होते. त्यांनी हाफकिन यांना बोलावून लशीची माहिती करून घेतली, समाजासमक्ष स्वतः टोचून घेतले आणि आपल्या अनुयायांसाठी व्यवस्था केली. खोजा समाजातील हजारो स्त्री-पुरुषांनी पाठोपाठ टोचून घेतले. पुढे प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपली एक हवेलीही दिली. सक्तीचा एकही शिपाई तेथे लागला नाही. याउलट पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अमलाखाली गोऱ्या सोजिरांनी घरोघर शिरून जी झडती चालविली, तिचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत कसा झाला हे सर्वश्रुत आहे. आणि त्याच पुण्यात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता प्लेगनेच निवर्तल्या. सरकारी यंत्रणेवर लोकांचा विश्वास नव्हता, अशा माणसांवर मात्र होता. हुबळीस १८९८ साली डॉ. ल्यूमन यांनी हजारो लोकांना टोचले, तेही अशाच समजावणीच्या बळावर.

१८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि लशीची मागणी देशभरातून येऊ लागली. पंजाब सरकारने तर लाखो लोकांना टोचण्याचा बेत केला. मागणी भागविण्यासाठी हाफकिन यांनी लस करण्याची पद्धत बदलून अधिक वेगवान केली आणि त्या पद्धतीत कार्बोलिक आम्ल घालणे बंद केले. उष्णतेने निर्जंतुक करणे पुरेसे आहे, असे त्यांचे मत होते व पाश्चर संस्थेतील प्रघातही तसाच होता. हा बदल त्यांना पुढे फार महागात पडला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील गुजरात जिल्ह्यात, आज पाकिस्तानात असलेल्या मुल्कोवाल या गावी, १०७ जणांस टोचण्यात आले. त्यांपैकी १९ जणांस जी लस दिली ती ‘५३-एन’ या एकाच कुपीतील होती. आठवडाभराने त्या एकोणीस जणांचे जबडे आवळू लागले. धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस दगावले. इतर कुप्यांमधून टोचलेल्या कोणासही काही झाले नाही.

ही अफवा नव्हती. आजवर जे खोटे म्हणून सांगितले जात होते, तेच एका गावात खरे ठरले होते. टोचणीने माणसे मेली होती.

चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. प्रश्न एकच होता: धनुर्वाताचे जंतू कुपीत शिरले कोठे? परळला, कुपी भरताना, की मुल्कोवालला, ती उघडताना? चौकशीत असे निघाले की, बूच काढण्याचा चिमटा मदतनीसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता, औषधी पाण्यात केवळ बुडवून वापरण्यात आला होता. खेड्यातील जमीन, गुराढोरांचा वावर, आणि धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणात असतात हे तेव्हाही ठाऊक होते. तरीही आयोगाने कौल दिला तो असा की, कुपी उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच, लस दूषित झाली असावी. कार्बोलिक आम्ल वगळल्याचा मुद्दा हाफकिन यांच्यावर शेकला. त्यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले व १९०४ साली त्यांनी हिंदुस्थान सोडला.

आयोगाचे कागद सरकारने वर्षानुवर्षे प्रसिद्ध केले नाहीत. ते जनतेपुढे आले १९०६ च्या अखेरीस. या चार वर्षांत लोकांना माहीत होते ते इतकेच: एकोणीस माणसे टोचणीने मेली आणि लस काढणारा साहेब निघून गेला. यापुढे कोणत्याही वावड्यांची गरजच काय होती? पंजाबातील टोचणीची मोहीम विसकटली. प्लेग मात्र थांबला नाही. १९०७ या एका वर्षात एकट्या पंजाबात सहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने मेली. लस टोचली असती तर त्यांतील किती वाचली असती, याचा हिशेब मांडता येत नाही, पण उंधेऱ्याची ती अठ्ठावीस घरे आठवल्यावाचून राहत नाहीत.

कागद प्रसिद्ध झाल्यावर मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांनी ते बारकाईने वाचले. त्यांचा युक्तिवाद साधा होता. कुपी भरली गेली होती टोचण्याच्या एकेचाळीस दिवस आधी. त्याच वेळी धनुर्वाताचे जंतू आत शिरले असते, तर इतक्या दिवसांत ते अफाट वाढून कुपी उघडताच दुर्गंधी सुटावयास हवी होती. टोचणाऱ्या डॉक्टरांना तशी दुर्गंधी आलेली नव्हती. शिवाय त्यात विष साचले असते, तर लक्षणे लगोलग दिसली असती, आठवडाभर वाट पाहावी लागली नसती. याचा अर्थ जंतू शिरले ते कुपी उघडताना. लंडनच्या लिस्टर संस्थेचे मतही त्याच बाजूचे पडले. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र छापून आले. वर्षाअखेर सरकारने हाफकिन यांना पुन्हा सेवेत बोलावले.

बोलावले, पण परळला नव्हे. कलकत्त्यास नेमणूक झाली, आणि तीही लस तयार करण्याच्या अधिकाराविना. ज्या माणसाने स्वतःच्या दंडावर सुई टोचून घेऊन आरंभ केला, त्याला शेवटची वर्षे केवळ कागदी संशोधनात काढावी लागली. १९१५ साली निवृत्त होऊन ते युरोपास गेले. तेथे त्यांचे मन आपल्या पूर्वजांच्या धर्माचरणाकडे अधिकाधिक वळले, आणि उत्तरायुष्यात साठविलेले धन त्यांनी ज्यू धर्मशिक्षणाच्या पाठशाळांसाठी ठेवले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

परळच्या प्रयोगशाळेने लस करणे कधी सोडले नाही. १८९७ ते १९२५ या काळात तेथून प्लेगच्या लशीच्या दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर पडल्या. १९२५ साली सरकारने त्या संस्थेस हाफकिन यांचेच नाव दिले. आजही परळला ती संस्था त्याच नावाने उभी आहे. नामकरणाचे वृत्त कळल्यावर त्यांनी मुंबईस आभाराचे पत्र धाडले. आयुष्यातील उत्तम वर्षे मुंबईच्या कामात गेली आणि त्या कामाशी निगडित प्रत्येक गोष्टीविषयी किती वाटते हे निराळे सांगावयास नको, अशा आशयाचे ते होते.